मी म्हटलं तरी दार उघडू नकोस

मुलाखतीच्या आदल्या दिवशी नियोजनरावांनी घरातल्या मंडळींना समोर बसवून नियम सांगितले. मंडळी म्हणजे बायको आणि आई. नियोजनराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ज्या गोदामाचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला, तिथल्या हमालांनी ते ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गोदाम बंद पडून बरेच महिने झाले होते. घर बायकोच्या पगारावर चाललं होतं आणि नियोजनराव तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळत होते. अशात एका तंत्रज्ञान कंपनीने ऑपरेशन्स मॅनेजरच्या जागेसाठी त्यांना बोलावलं. मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर द्यायची होती. या वयात पुन्हा कुणी बोलावेल याची त्यांना मुळीच खात्री नव्हती.

तयारी जय्यत झाली होती. फक्त एका प्रश्नाशी गाडी अडायची.

"तुमची एखादी योजना फसली, तो प्रसंग सांगा," बायको गंभीर चेहऱ्याने विचारायची.

"माझी योजना फसत नाही."

"अहो, आपण सहलीला एक दिवस आधीच जाऊन पोचलो होतो, ते सांगा की."

"लवकर पोचण्याला फसणं म्हणत नाहीत."

इथे बायकोला हसू आवरायचं नाही, आणि नियोजनराव पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून जे जायचे ते परत यायचेच नाहीत. रोज हेच.

म्हणून नियम कडक केले. बायकोला हसू येतं, तेव्हा तिने मुलाखतीच्या वेळी पलीकडच्या गल्लीत मैत्रिणीकडे जाऊन बसायचं. घरात कुणालाही घ्यायचं नाही. दारावरची घंटा काढून ठेवायची. स्वतःचा आणि आईचा फोन बंद करून कपाटात. पडद्यावर वायरींचं जंजाळ दिसू नये म्हणून खोलीतली झाडून सगळी वायर बाहेर. आणि दोन तास खोलीला बाहेरून कुलूप, किल्ली आईजवळ.

"मी आतून म्हटलं तरी दार उघडायचं नाही," नियोजनराव म्हणाले. "गयावया केली तरी नाही. माझा मलाच भरवसा नाही."

"बरं," आई म्हणाली.

हे 'बरं' साधंसुधं नव्हतं. आईची उभी हयात शाळेत शिकवण्यात गेली होती. परीक्षेच्या वर्गावर तिची नेमणूक झाली की मुलांचे चेहरे उतरायचे. एकदा खुद्द मुख्याध्यापकांचा चष्मा वर्गात राहिला होता, तर तोही त्यांना शेवटच्या घंटेनंतरच मिळाला.

मुलाखत छान सुरू झाली. पडद्यावरच्या बाई शांत होत्या, मान डोलावत होत्या. नियोजनरावांचा घसा मोकळा झाला, पाठ सरळ झाली. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीची लाल खूण दिसू लागली. चार्जर ही वायरच असल्यामुळे तो बाहेर गेला होता.

"एक मिनिट हं," म्हणून ते दाराशी आले. "आई, चार्जर दे."

"पेपर सुरू झाल्यावर बाहेरची वस्तू आत जात नाही."

"अगं, लॅपटॉप बंद पडेल!"

"तू गयावया करशील हे तूच सांगितलं होतंस."

"ही गयावया नाही गं, खरी अडचण आहे!"

"सगळे असंच म्हणतात. जा, जागेवर बस."

ते जागेवर येऊन बसले. बाईंनी सगळं ऐकलं असावं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"तुमची एखादी योजना फसली, असा प्रसंग सांगाल?"

"सांगतो," असं नियोजनराव म्हणाले आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात त्यांना टाय लावलेला स्वतःचा चेहरा दिसला. त्यांना रडू यायच्या बेतात होतं.

तिकडे बाईंनी त्यांचा फोन लावून पाहिला. तो कपाटात होता. मग त्यांनी अर्जावरचा दुसरा नंबर लावला. तो बायकोचा निघाला. बायको मैत्रिणीचा चहा अर्धा टाकून पळत घरी आली. घंटा नव्हती, तेव्हा तिने दार बडवलं.

"कोण?"

"आई, मी आहे! दार उघडा!"

"कुणालाही घ्यायचं नाही. तुझ्यासमोरच ठरलंय."

बायको घराला वळसा घालून, नुकत्याच पाणी घातलेल्या कुंड्यांमधून चिखल तुडवत खोलीच्या खिडकीशी पोचली आणि तिने गजांमधून फोन आत सरकवला.

"अहो, घ्या! बाई फोनवर आहेत!"

"हं," फोनवरून आवाज आला. "फसलेली योजना."

नियोजनरावांनी बंद दाराकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर धापा टाकत उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"चालू आहे," ते म्हणाले. आणि त्यांनी घंटेपासून कुलपापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"यात चूक कुणाची?"

"माझी. आईने काम चोख केलं. तिच्या हातात मी किल्ली दिली, पण स्वतःचं डोकं वापरायची मुभा दिली नाही."

"मग करा दुरुस्त. मी थांबते."

नियोजनरावांनी दाराकडे तोंड केलं. "आई, नियम बदलला. आता तुझ्या बुद्धीला पटेल ते कर."

बायकोने गज घट्ट धरले.

"केला विचार," आई म्हणाली. "वेळ संपेपर्यंत थांबावं असंच मला वाटतं. तुझा आवाज आत्ता कुठे स्थिर झालाय. दार उघडलं की तू पाणी प्यायला जाशील."

फोनवर खोकल्यासारखा काहीतरी आवाज झाला. मग बाईंनी अगदी कामकाजी सुरात सांगितलं, की त्यांच्याकडून होकार आहे, पत्र संध्याकाळपर्यंत येईल, आणि कंपनीतल्या खोल्यांना कुलपं नसतात.

"मिळाली?" बायकोने विचारलं.

नियोजनरावांनी मान डोलावली. या वेळी त्यांनी नजर चुकवली नाही.

"अभिनंदन," दारामागून आवाज आला. "आता शांत बस. वेळ आहे अजून."

नियोजनरावांनी खुर्ची खिडकीशी ओढली. बाहेर बायकोने एक रिकामी कुंडी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. तिच्या चपला चिखलाने भरल्या होत्या. नियोजनरावांनी टाय सोडून तिला गजांमधून दिला. तिने चपला पुसल्या.

"अहो," ती म्हणाली, "आता हसू का?"

"हस," नियोजनराव म्हणाले.