उतारू शब्दाची मोहीम

खासगी बाजार, शहर ग्वाल्हेर येथील वर्तमान लिहून ठेवावे ऐसी आज्ञा शांताताईंची जाहली, सबब लिहिले. यात शौर्य थोडे आणि फजिती फार, परंतु घडले तैसेच नमूद केले असे.

ताईंचे यजमान राजश्री विश्वासराव, उमर बहात्तर, गुडघे त्याहून जुने. पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आले, समुद्र कोणी पाहिला नाही, आणि मराठीचा अभिमान इतका की हिंदीत फक्त भाजी, दूध, भांडण आणि हिशेब. त्यांची नात सोनिका मालवाहू जहाजावर चाकरीस गेली, तेव्हा घोडेस्वारांच्या कुळात जहाज कशास म्हणून रावसाहेब रुसले आणि आठ महिने अबोला धरिला.

मग एके दुपारी फोनावर सोनिकेचा खलिता आला: "आजोबा, परसों मुंबईत डिसएम्बार्क करते आहे. जहाज सोडायला प्रॉपर मराठी शब्द काय?" 'ये' लिहावे ऐसे रावसाहेबांच्या मनात आले, परंतु ऐट आडवी आली आणि एकच शब्द रवाना केला: "उतारू."

मराठीत उतारू म्हणजे नावेतून, गाडीतून उतरणारा, प्रवासी. परंतु पोर हिंदी शाळेत शिकलेली, आणि हिंदीत उतारू म्हणजे भांडणास कंबर कसून उभा. जबाब आला: "मैं झगड़े पे उतारू नाही आहे, आजोबा. घरी येत नाही मग."

खलिता वाचून ताईंनी फर्मान काढिले की नात आल्यावाचून या घरी रावसाहेबांस चहा नाही. रावसाहेबांची पाचावर धारण बसली. शब्दाचा अस्सल पुरावा पाहिजे, आणि शब्दकोश तर अकरा वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकास मुरार येथे राहणाऱ्या स्नेही मधुसूदनपंतांनी दोन दिवसांकरिता नेलेला. मग शिरी हेल्मेट चढवून स्कूटरनिशी कूच केले, आणि इंदरगंजच्या चौकात वाहन तीनदा बंद पडले, आणि पाठीमागल्या फौजेने भोंग्यांचा मारा केला, तरी मागे हटले नाहीत, कारण चौकात मागे हटण्यास जागाच नव्हती.

पंतांनी कोश आपलाच असल्याचा दावा केला. मोठ्या मिनतवारीने उभ्याउभ्या वाचू दिला. त्यात रावसाहेबांस आढळले की 'उतरणे' हे संस्कृत 'उत्तरणा'पासून, म्हणजे पाणी तरून वर येणे. रोज टेम्पोवाल्यास 'उतरायचे आहे' म्हणून सांगतो तो शब्द मुळात पाण्याचाच. आठ महिने आपण ऐटीच्या घोड्यावर चढून बसलो होतो हे रावसाहेबांस तेथे उमगले, आणि लाज वाटली.

तेथूनच तहाचा मजकूर गेला: "मराठीतली उतारू तू. हिंदीतला उतारू मी. घरी ये." निळ्या खुणा उमटल्या, जबाब मात्र आला नाही.

दोन दिवस रावसाहेबांनी गरम पाण्यावर काढिले. तिसरे दिवशी दुपारी टॅक्सी दाराशी ठाकली. सोनिका आतच बसून राहिली आणि काच खाली करून म्हणाली, "आजोबा, उतरू का?"

रावसाहेब चपला न घालता, कठड्यास धरून, ओट्याच्या चारी पायऱ्या उतरून रस्त्यावर आले आणि दार उघडून म्हणाले, "उतर, बाळ."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. चहा सुरू जाहला. कोश अद्याप मुरारातच आहे. प्रथम कोण उतरले ऐसा वाद पुढे पडू नये म्हणून ताईंनी पुन्हा बजाविले, सबब ठळक अक्षरी लिहिले: आधी रावसाहेब.