बसू द्या त्याले

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दामूभाऊंना मी स्पर्धेत हरवलं, ते खेळाच्या जोरावर नाही. त्यांच्या चांगुलपणाचा अंदाज बांधून हरवलं.

दामूभाऊ म्हणजे आमच्या लकडगंजातल्या, लाकूड कापायच्या आरामशीनवरचे मापारी. वय एकसष्ट. लाकडाची मापं वहीत उतरवून झाली की दुपारच्या सुट्टीत खिशातून तळहाताएवढा व्हिडिओगेम काढायचे आणि राक्षस लढवायचे. सहा राक्षस, प्रत्येकाला मानाचं नाव. आग ओकणारा 'पाटील', दगडाचं धूड ते 'मास्तर'. समोरच्यावर हल्ला करण्याआधी पुटपुटायचे, "माफ करजो गा." आणि आपला राक्षस जरा जखमी झाला, की डाव हातात आलेला असला तरी त्याला मागे घ्यायचे. "दमला तो. बसू द्या त्याले."

ओंडके वाहणाऱ्या मजुरांबद्दलही त्यांचं हेच वाक्य. शेटजी वैतागायचे, "दामू, तुम्हारे हिसाब से तो मशीन भी बैठेगी." दामूभाऊ मशीनकडे नीट बघून म्हणायचे, "गरम त झाली आहे, शेटजी."

मीही तिथेच कामाला. मला खेळ त्यांनीच शिकवला. मी डबा विसरून बटणं दाबत बसलो की म्हणायचे, "पोळी खाऊन घे आधी, प्रकाश. मास्तर कुठी पळून नाही राहिला."

मग एका मॉलमध्ये स्पर्धा लागली. दामूभाऊ इस्त्रीचा सफारी घालून, चष्म्याला दोरी बांधून आले. दारावरची मुलगी म्हणाली, "काकाजी, पालक तिकडे बसतात."

"पालक मी भाजीत खातो वं पोरी. इथं खेळाले आलो."

रांगेत उभं असताना त्यांनी मला कारण सांगितलं. त्यांची मुलगी सुजाता पुण्याला असते. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, हे लग्नाला गेले नाहीत. चार वर्षं झाली. हे दर रविवारी फोन लावतात, ती उचलत नाही. व्हिडिओगेम तिचाच, कपाटात राहून गेलेला. "तिसऱ्या फेरीपासून मोबाईलवर दाखवतात. ती हे सारं पाहते. मले पायलं त समजन तिले, बाप तिचा खेळ शिकला. दुसरं काही बोलताच येत नाही गा मले."

दुसऱ्या फेरीत आमच्या दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकांसमोर निघाल्या.

या खेळात दोघांनी आपली चाल एकाच वेळी, गुपचूप ठरवायची असते. जखमीला मागे घेतलं, की येणारा फटका त्याच्या जागी आलेल्या नव्याला बसतो. समोरचा कधी मागे घेईल हे कोणाला कळत नाही. मला कळत होतं. पाटील जखमी झाला तेव्हा मी पाटलाला सोडलं आणि येणाऱ्या मास्तरवर वेलींचा विळखा टाकला; पाटलाच्या आगीत तो जळून गेला असता. दगड फुटला. पुढेही तसंच. ते दमलेल्याला बसवायला गेले की मी दारातच उभा.

हात मिळवताना ते म्हणाले, "तू त माह्या मनातलं वाचतं लेका."

ते कशासाठी आले होते, हे मला माहीत होतं. पण मलाही एकदा पडद्यावर दिसायचं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

तिसऱ्या फेरीत मी दिव्यांखाली बसलो. दामूभाऊ केसांवरून हात फिरवत माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. चित्रण सुरू होण्याआधीच कॅमेरावाल्याने त्यांना हाताने बाजूला व्हायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'राहू द्या त्यांना' एवढंच म्हणायला हवं होतं. मी मान वर केली नाही. पाच मिनिटांत हरलो.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "थोडासा तरी दिसलो काय गा मी?"

"दिसले न भाऊ. चांगले दिसले."

घरी जाऊन मी ते चित्रण तीनदा पाहिलं. त्यांच्या सफारीची बाहीसुद्धा त्यात नाही.

त्यानंतर फोन त्यांच्या वरच्या खिशात असायचा, आवाज पूर्ण वाढवलेला. मशीन सुरू असली की हात खिशावर ठेवायचे, म्हणजे थरथर कळेल. असा महिना गेला. एका दुपारी त्यांनी व्हिडिओगेम फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला.

"तिनं पायलं, प्रकाश. पाहून बी फोन नाही केला. आता रविवारचा फोन बंद. काहून तरास द्यायचा पोरीले?"

मी डबा उघडत होतो. उघडून जेवलो.

ते पडद्यावर दिसलेच नव्हते, सुजाताने त्यांना पाहिलेलं नाही. एवढं मी दामूभाऊंना सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.