नागझिरा गेट बेसबॉल अंदाज समिती

जे दिसत नाही त्याविषयी खात्रीने बोलणं हा जगातला सर्वांत जबाबदारीचा व्यवसाय आहे. जे दिसतं त्याविषयी कोणीही बोलू शकतं. त्याला अनुभव लागत नाही, नुसते डोळे पुरतात.

नागझिऱ्याच्या जंगलात वाघ आहेत, हे मी जबाबदारीने लिहितो आहे. ते पर्यटकांना दिसलेच पाहिजेत, असा आदेश मात्र अद्याप वाघांपर्यंत पोहोचलेला नाही (अंमलबजावणीतल्या अडचणी). त्यामुळे पर्यटक आणि वाघ यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती भरून काढायला गाईड असतात. आमच्या गेटावर हे काम बिसराम वीस वर्षांपासून करतो. जिप्सी थांबवून तो वाळूतला ठसा पाहतो, नाक जरा वर करतो आणि हलक्या आवाजात सांगतो, ''बस, अभी अभी निकला साहब. दो मिनट.''

समितीच्या पाहणीनुसार बिसरामच्या जिप्सीतून वाघ न पाहता परतलेल्यांपैकी ब्याण्णव टक्के पर्यटक 'थोडक्यात हुकला' म्हणत समाधानाने परतले. पाच टक्क्यांनी घरी जाऊन वाघ पाहिल्याचं सांगितलं. उरलेल्या तीन टक्क्यांना आपण कशासाठी आलो होतो हेच आठवत नव्हतं. 'वाघ नाही' असं मात्र बिसराम आजवर कोणाला म्हणालेला नाही. 'नाही' म्हणणं धंद्याला मारक आहे आणि माणुसकीलाही, असं त्याचं मत आहे. मला ते पटतं. मी गेटासमोर चहाची टपरी चालवतो, आणि दूध संपलं तरी 'येऊन राहिलं' एवढंच सांगतो.

बेसबॉल आमच्याकडे आला तो एका अमेरिकेच्या पाहुण्यामुळे. लागोपाठ तीन फेऱ्यांत त्याला वाघ दिसला नाही, आणि तिन्ही वेळा बिसरामने तो का दिसला नाही हे इतकं रंगवून सांगितलं की जाताना पाहुण्याने स्वतःच्या डोक्यावरची वाघाच्या तोंडाची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. आमच्या गावच्या संघाचं नाव 'टायगर्स' आहे, तो म्हणाला, बरीच वर्षं झाली, काही जिंकत नाही. सवयीने बिसराम म्हणून गेला, ''इस साल पक्का, साहब.'' पाहुण्याने त्याला मिठी मारली. हा समितीचा पहिला अंदाज.

पुढे रीतसर समिती झाली. अध्यक्ष बिसराम, सदस्य मुन्ना (गाईड, अनुभव अकरा वर्षं) आणि सचिव मी. माझ्या टपरीला बाक आहे, एवढीच माझी पात्रता. बेसबॉल म्हणजे काय, हे ठरवायला एक बैठक लागली. बॅट मुसळासारखी गोल असते आणि मारून झाल्यावर ती टाकून पळायचं असतं, हे ऐकल्यावर मुन्नाने हा खेळ शहाण्या माणसांनी काढला असावा असा अभिप्राय दिला. अस्वल अंगावर आलं तर तोही हेच करतो. मोसम आपल्या गुढीपाडव्याच्या सुमारास सुरू होतो. तीस संघ, प्रत्येकाचे एकशे बासष्ट सामने, मग दिवाळीच्या आसपास बाद फेरी आणि अंतिम लढत.

एवढे सामने पाहणं कोणालाच शक्य नव्हतं. समितीने ती अडचण मानली नाही. पाहिल्याने मत कलुषित होतं.

संघांची नावं मराठीत लावून घेतल्यावर अंदाज सोपे गेले. लाल मोजे आणि पांढरे मोजे असे दोन संघ आहेत. मोजे घालून जंगलात शिरणारा माणूस पहिल्याच नाल्यात बाद होतो, सबब दोन्ही बाद. पक्ष्यांचे तीन संघ आहेत. पक्षी ओरडून वाघ आल्याची वर्दी देतात, स्वतः काही करत नाहीत. मासा एक, तो पाण्याबाहेर कितीसा टिकणार. नाविकांचं जहाज इथवर येऊ शकत नाही (मुन्नाने 'इथवर' म्हणजे कुठवर असं विचारलं, ते नोंदवून घेतलं). जुळ्यांच्या संघात कोण खेळलं आणि कोण बसलं याचा पत्ता लागत नाही. राहिली अस्वलाची पिल्लं. अस्वलाला गाईडही भितो, म्हणून त्यांना अंतिम फेरी देण्यात आली. विजेते टायगर्स. हा अंदाज खडूने टपरीच्या फळीवर लिहिला गेला आणि गावाला पटला. वाघ असताना दुसरं कोण जिंकणार, असा प्रश्न विचारणाऱ्यांत माजी पोलीस पाटीलही होते.

निकाल आणायचं काम बिसरामची मुलगी रीता करायची. ती बारावी झालेली, इंग्रजी वाचणारी. गावात नेटवर्क फक्त शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी येतं, आणि अमेरिकेतला रात्रीचा सामना आपल्याकडे सकाळी संपतो. ती रोज टाकीपाशी जाई आणि टपरीवर येऊन सांगे, ''हरले.''

कधी जिंकतही. पण हरण्याचं प्रमाण जास्त होतं आणि समितीला तेच आशादायक वाटलं. वाघ उडी मारण्याआधी खाली बसतो. जितका खाली बसेल तितकी उडी लांब. जूनमध्ये पावसाळ्यासाठी जंगल बंद झालं तेव्हा टायगर्स तळाशी होते, आणि गावात इतका उत्साह होता की जंगल बंद असल्याचं कोणाला जाणवलं नाही. गाईड लोकांना एरवी या दिवसांत भाताच्या रोवणीशिवाय काम नसतं. यंदा ते चिखलात उभे राहून अंदाज सांगत होते.

अशात एका सकाळी रीता निकाल सांगून लगेच गेली नाही. बाकाजवळ थांबली.

''बाबा, नागपूरले नर्सिंगमधी नंबर लागला माहा. जाऊ का नाई, तेवढं सांगा.''

टपरीवर आठ-दहा माणसं होती. बिसरामला मुलगी लांब जायची भीती वाटत होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. घरी एकच मूल. पण वीस वर्षांत न वापरलेला शब्द तोंडात येईना. त्याने टोपी सारखी केली.

''जाशील ना पोरी. वाघ जिंकले का जाशील. माहा शबद आहे.''

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका उदार बाप आमच्या भागात झाला नव्हता. संमती होती, मुदत होती आणि वर खेळालाही उत्तेजन. घरी मात्र या निर्णयाचं स्वागत झालं नाही. बिसरामची बायको धुरपता चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

''आन् नाई जिंकले तं?''

''जिंकतेतच.''

''तुमचा वाघ वीस सालांत म्या एक डाव नाई पाह्यला. पोरीले टूरिस्टावानी कायले बनवून राहिले जी? हो म्हना, नाई तं नाई म्हना.''

यावर बिसराम पुन्हा टपरीवर आला आणि त्याने अर्धा कप चहा मागितला. बायकांना दीर्घकालीन अंदाज समजत नाहीत, असं समितीने एकमताने नमूद केलं.

सप्टेंबर संपत आला. रीता टाकीवरून आली ती पाय ओढत.

''बाबा, टायगर बाहेर पडले. आता बाद फेरीत नाई येत ते.''

''बाहेर पडले म्हंजे कोन्या बाजूले पडले?'' मुन्नाने विचारलं.

''बाजू नाई मुन्नाकाका. संपलं त्यायचं.''

''वाघ कधी संपते का पोरी? बफरमधी गेला असन. येते वापस.''

बफर म्हणजे जंगलाभोवतीचा पट्टा. आमचा प्रत्येक न दिसलेला वाघ तिथेच असतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. रीताने बापाकडे पाहिलं. बिसराम तिच्याकडे न पाहता म्हणाला, ''दिसंल. सबर ठेव.'' ती मोबाईल छातीशी धरून तशीच उभी राहिली. मला तिचं वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. पण सचिवाला मत नसतं.

ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवशी जंगल उघडलं. पर्यटक आले, वाघ थोडक्यात हुकू लागले, सगळं सुरळीत झालं. बाद फेरी अमेरिकेत चालू होती आणि इकडे फळीवरचा अंदाज जसाच्या तसा होता; तो पुसण्याइतकं कारण समितीला मिळालं नव्हतं. रीता रोज टाकीवर जात होती, पण काही सांगत नव्हती. कोणी विचारतही नव्हतं. निकाल आधीच माहीत असला की बातमीची घाई नसते.

दिवाळी झाली. त्यानंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्री नाटक. आमच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी रीताची नागपूरच्या कॉलेजात हजर व्हायची शेवटची तारीख होती, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. मंडईच्या दोन दिवस आधी सकाळी ती टाकीवरून आली. वेणी घट्ट घातलेली, चेहरा कोरा.

''जिंकले,'' ती म्हणाली.

''कोन?'' हे मी विचारलं. सचिवाला खात्री करावी लागते.

''टायगर.''

''मी का म्हनलो होतो?'' मुन्ना ओरडला. तेवढंच. कोणाविरुद्ध जिंकले, किती फरकाने, आणि सप्टेंबरात बाहेर पडलेला संघ अंतिम सामन्यात कसा पोहोचला, हे एकाही माणसाने विचारलं नाही. माजी पोलीस पाटलांनी फक्त एवढं म्हटलं की उडी फारच लांब बसली.

मंडईत नाटक सुरू व्हायच्या आधी स्टेजवर बिसरामचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. चार गावचे लोक समोर होते. माईकवर कोणीतरी त्याच्या शब्दाची आठवण काढली आणि पुन्हा टाळ्या पडल्या. आता 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि 'हो' म्हणणं त्याला येत होतं. धुरपताने त्याच रात्री मुलीची पेटी भरली.

निकालाला एकच हरकत आली. मुंबईचा एक पाहुणा जिप्सीत बसता बसता म्हणाला, यंदा तर दुसराच संघ जिंकला, मी टीव्हीवर पाहिलं. मुन्नाने त्याला शांतपणे विचारलं, ''साहब, आपने कौन से गेट से देखा?'' हरकत फेटाळण्यात आली.

गोंदियाच्या स्टेशनवर रीताला सोडायला आम्ही दोघं गेलो होतो, बिसराम आणि पेटी उचलायला मी. गाडी लागली, ती खिडकीपाशी बसली. बिसराम गजांना धरून उभा राहिला. घसा खाकरून त्याने विचारलं, ''पोरी, स्कोर का होता?''

सगळ्या मोसमात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता. रीताने बापाकडे नीट पाहिलं.

''अभी अभी निकला, बाबा. दो मिनट.''

गाडी हलली तरी बिसरामचा हात गजावर होता, मीच तो सोडवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते स्पष्ट दिसत होतं, त्यामुळे त्याविषयी अधिक बोलण्यासारखं काही नाही. परतीच्या बसमध्ये तो एकदाच म्हणाला, ''हुशार आहे माही पोरगी.''

या यशामुळे समितीचं कार्यक्षेत्र वाढलं आहे. पंचक्रोशीतून बाप येतात. कोणाच्या मुलीला तिरोड्यात शिकवणी लावायची आहे, एखादीला पोलीस भरतीची तयारी करायची आहे, एकीला सासरी परत जायचं नाही आणि ती कारण सांगायला तयार आहे. पूर्वी अशा वेळी बापाला घरात बसून काहीतरी ठरवावं लागे. त्यात भांडणं होत, जेवणं राहत. आता तो टपरीवर येतो, चहा घेतो आणि प्रश्न टायगर्सवर लावून हलक्या पावलांनी घरी जातो. नव्या मोसमासाठी असे अकरा प्रश्न दाखल आहेत. त्यातला एक माझ्या घरचा आहे, पण सचिव म्हणून मी निःपक्षपाती आहे. अध्यक्षांनी मात्र अंदाज द्यायचं बंद केलं आहे. येणाऱ्या प्रत्येक बापाला बिसराम एकच वाक्य सांगतो, ''घरी जा आन् पोरीले हो म्हन.'' त्यामुळे त्यांना अध्यक्षपदावरून मुक्त करून मुन्नाची नेमणूक करण्यात आली. टाकीवर जाऊन निकाल वाचणारं आता गावात कोणी नाही. त्यामुळे समितीच्या कामात खंड पडलेला नाही.

आपण शहरात राहता, शिकलेले आहात, या सगळ्यावर हसलात, हे योग्यच झालं. हसून झालं असेल तर जरा मान वर करा. मघापासून दारात कोणीतरी उभं आहे. तिने काहीतरी विचारलं आणि तुम्ही वाचता वाचताच 'बघू' म्हणालात. ते नेमकं कोणत्या सामन्यावर ठेवलं आहे तेवढं समितीला कळवा. अंदाज विनामूल्य मिळेल.