कॉम्प्युटरची राखण

बोडस साहेब मला रोज दुपारी चार वाजता कॉम्प्युटरची राखण करायला बसवायचे. कॉम्प्युटर म्हणजे काही म्हैस नव्हे, दावं तोडून जायला. पण साहेब पायात चपला सरकवत म्हणायचे, "किसनराव, मी जरा गंजात जाऊन येतो. मशीन चालू आहे. तुम्ही समोर बसा." गंज म्हणजे इथला मोठा बाजार. आणि बरोबर तासाभराने परत. हातात ना पिशवी, ना पुडी. मी विचारायचो, "काय आणलंत?" ते म्हणायचे, "काही नाही. इकडे काही झालं?" मी म्हणायचो, "काय व्हायचंय? आहे तिथंच आहे." मग ते "बरं" म्हणून चष्मा पुसत बसायचे.

पाच वर्षं हे चाललं. जेठात लखनौत लू सुटली की कुत्रीसुद्धा नाल्यातून डोकं वर काढत नाहीत, तेव्हाही साहेब डोक्याला ओला पंचा बांधून निघायचेच.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. लिहिताना चुकलं तर चुकलं. सातारा जिल्ह्यातून वयाच्या विसाव्या वर्षी इथं आलो, झाडापाल्यावर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत काचा धुवायला. बोडस साहेब तिथं शेवाळाचे शास्त्रज्ञ. भिंतीवरचं शेवाळ दिसलं की लोक पाय जपतात, साहेब गुडघे टेकायचे. आधी ते रिटायर झाले, मग मी. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको गेली, माझीही गेली. त्यांनी मला घरामागची खोली दिली. नोकर म्हणून नव्हे, हे आधीच सांगतो. ज्याला पहाटे आधी जाग येईल त्यानं दूध आणायचं, असा आमचा नियम होता.

साहेबांना चिठ्ठ्यांचं वेड. शेवाळाच्या पाकिटांवर आयुष्यभर चिठ्ठ्या लावल्या, ती सवय घरी आली. स्वयंपाकघरातल्या एकेका डब्यावर सुवाच्य मराठीत चिठ्ठी. कामाला येणारी रामकली मोहरीचा डबा हातात घेऊन उभी राहायची. "बाबूजी, ई मोहरी कौन है? इसमें तो राई है." साहेब तिला समजावायचे की नाव वेगळं, माल तोच. पण एकदा तिनं जिऱ्याच्या डब्यात बडीशेप भरली, तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. "डब्यावर जे, तेच डब्यात," हे त्यांचं पालुपद. रामकलीनं ऐकून ऐकून पाठ केलं होतं. कधी कधी त्यांच्या आधीच म्हणून टाकायची.

कॉम्प्युटरवरही तेच. त्यांचा एक प्रोग्राम होता, त्यातच पत्रं यायची आणि त्यातच जगभरच्या शेवाळवाल्यांच्या बातम्या यायच्या. त्या सगळ्याला साहेबांनी कप्पे केले होते. कप्पे म्हणायचे नाहीत, डबे म्हणायचे. डाव्या हाताला डब्यांची उतरंड, आणि नावं अस्सल मराठीत. उत्तर द्यायचंय. उत्तर देणार नाही. पेन्शन. भांडण. भांडण हा डबा फिनलंडच्या एका बाईसाठी राखीव होता. एका शेवाळाच्या जातीवरून दोघांचं सात वर्षं जुंपलेलं. तिचं पत्र आलं नाही तर साहेबांना जेवण जायचं नाही.

आता माझ्या मुलीचं सांगतो, कारण ते टाळून हे पुढं जाणार नाही.

सुमन. एकुलती एक. शाळेत असताना साहेबांच्याच टेबलावर अभ्यास करायची. ईमेल लिहायला तिला साहेबांनीच शिकवलं. मोठी झाली, लखनौजवळ बख्शी का तालाबला हवाई दलाच्या स्टेशनात नोकरी करणारा एक मुलगा तिनं पसंत केला. इकडचाच. आपल्या भाषेचा नाही, आपल्यातला नाही. मला सांगितलं ते सगळं ठरल्यावर. मी म्हटलं, मला मुलगी नाही. शब्द तोंडातून गेला, आणि मी शब्द मागं घेणारा माणूस नव्हे. पुढं त्या मुलाची आसामात बदली झाली. तिचा फोन आला की मी आवाज ओळखून ठेवून द्यायचो. मग नंबरच बदलला.

तेव्हा तिनं साहेबांच्या पत्त्यावर लिहायला सुरुवात केली.

साहेब म्हणाले, "किसनराव, सुमनचं पत्र आलंय. तुम्हाला आहे."

मी म्हटलं, "कोण सुमन?"

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर उतरंडीत खालून तिसरा एक नवा डबा. किसनराव.

"हे काय?"

"डबा."

"माझ्या नावानं कशाला?"

"तुमच्या वस्तू ठेवायला. डब्यावर जे, तेच डब्यात." मग त्यांनी उंदीर कसा धरायचा, कुठं टिचकी मारायची ते मला दाखवलं. मी खिडकीकडं बघत होतो. त्याच दिवशी चार वाजता मला पहिल्यांदा राखणीला बसवलं.

मी बावळट नाही. साहेबांचा डाव मला त्याच दिवशी कळला. म्हणून तर मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचो. समोर माझं नाव, नावाशेजारी आकडा. न वाचलेल्या पत्रांचा. तीन होते, मग पाच झाले, मग अकरा. मी घड्याळाकडं बघायचो. मला वाटायचं, बघू कोण आधी कंटाळतो.

मग एके दिवशी डबे बिघडले. साहेबांची पत्रं जिथं साठतात तिथं काही फेरफार झाला, असं म्हणत होते. सकाळी मशीन लावलं तर उतरंडीतल्या एकाही डब्यावर मराठी नाही. सगळीकडं इंग्रजी अक्षरांचा भुसा. पत्रं आत शाबूत होती, चिठ्ठ्या तेवढ्या गेल्या. प्रोग्रामला म्हणे साधी इंग्रजी अक्षरंच कळत होती, बाकीची दिसली की त्यांचा असा चुरा करायचा.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझं नाव समोरून गेलं होतं.

साहेब मात्र बायको गेली तेव्हा बसले होते तसे बसले. मग आलमबागहून मिश्राजींना बोलावलं. मिश्राजी कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, केस पांढरे झालेला शांत माणूस. पाहून म्हणाले, "डॉक्टर साहब, नाम इंग्लिश में रख लीजिए. झंझट ही खत्म."

"मिश्राजी, मशीन आपका नाम न पढ़ पाए तो आप नाम बदल लेंगे?"

"बदलना पड़ा था, साहब. राशन कार्ड में."

साहेबांना हसू आलं नाही. मिश्राजी म्हणाले, "आख़िर पढ़ना किसको है? आप तो इंग्लिश पढ़ लेते हैं."

मी तिथंच उभा होतो. मला इंग्रजी येत नाही हे मी उभ्या जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. संस्थेतसुद्धा कुणी कागद पुढं केला की म्हणायचो, चष्मा घरी राहिला. साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग मिश्राजींना म्हणाले, "मेरा चश्मा कमज़ोर है. अंग्रेज़ी में आँख दुखती है."

इंग्रजीत चार पुस्तकं लिहिलेला माणूस. माझीच सबब त्यानं आपल्या अंगावर घेतली. आणि मी मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे.

तोपर्यंत सोय म्हणून साहेबांनी कागदाची एक उभी पट्टी कापली, ओळीला ओळ जुळवून तिच्यावर मराठी नावं लिहिली आणि काचेच्या कडेला चिकटवली. भुश्याच्या प्रत्येक ओळीपुढं तिचं खरं नाव. खालून तिसरं किसनराव. मग चार वाजता पुन्हा गंज, पुन्हा मी राखणीला. मधेच त्यांनी आंब्यांच्या कलमांसाठी एक नवा डबा केला, तो वरती जाऊन बसला आणि खालचे सगळे एकेक ओळ सरकले. दिवसभर पट्टीवर भांडण आणि आत पेन्शन. साहेबांनी फिनलंडच्या बाईला लिहिलेलं खरमरीत उत्तर पेन्शनच्या कचेरीला गेलं. तिथून तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की आपला अर्ज विचाराधीन आहे.

"चिठ्ठी बाहेर न् डबा आत, हे चालणार नाही," साहेब म्हणाले. "चिठ्ठी डब्यावरच पाहिजे."

प्रोग्राम करणाऱ्यांना त्यांनी लिहायला घेतलं. आठवड्याला एक पत्र. उत्तर नाही. मी हसायचो. "साहेब, ते काय लखनौच्या एका म्हाताऱ्यासाठी मशीन बदलणार?" साहेब म्हणायचे, "एकासाठी नाही हो." आणि पुढचं पत्र लिहायला घ्यायचे. सात-आठ महिन्यांनी एकाचं उत्तर आलं. युरोपातला कुणी. त्याच्या आडनावातल्या अक्षरावर दोन टिंबं होती आणि मशीन त्याचीही टिंबं गिळायचं. मग दोघांनी मिळून पिच्छा पुरवला. एका सकाळी साहेबांनी मला हाताला धरून आत नेलं. उतरंडीत सगळी नावं जागच्या जागी. त्या दिवशी त्यांनी गल्लीभर रेवडी वाटली. लोक विचारायचे, "डॉक्टर साहब, किस खुशी में?" साहेब म्हणायचे, "नाम वापस आ गए." लोक रेवडी खायचे आणि मानेनं हो म्हणायचे.

मीही खाल्ली. आणि चार वाजता हात मांडीखाली घेऊन बसलो. आकडा एकोणतीस झाला होता.

एकदाच हात बाहेर आला. राखीपौर्णिमेच्या सुमाराची गोष्ट. बाण माझ्या नावावर नेऊन ठेवला. बोट हलवायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि मी हात मागं घेतला, चोरी केल्यासारखा. साहेब आत आले, म्हणाले, "काही झालं?" मी म्हटलं, "काय व्हायचंय?"

या थंडीत साहेब गेले. कोहरा, म्हणजे इकडचं दाट धुकं, पडला होता. छाती भरली, चार दिवस दवाखान्यात, आणि संपलं. पुण्याहून त्यांचा भाचा सुहास आला. बँकेत साहेब आहे, चाळिशीचा, माणूस चांगला. महिनाभर राहून त्यानं घर आवरलं. कॉम्प्युटर जुना झाला होता, कबाडीवाल्याला दिला. देण्याआधी मला म्हणाला, "किसनकाका, यातलं काही हवंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला काय करायचंय?"

कबाडीवाल्यानं हातगाडीवर पडदा उताणा ठेवला होता. पट्टी अजून कडेला चिकटलेली होती. साहेबांनी ती काढलीच नव्हती. मी कोपऱ्यापर्यंत गाडीमागं गेलो. का गेलो ते माझं मला माहीत नाही.

कोपऱ्यावर बशीरभाईंची चहाची टपरी आहे. घरी चहा होत असताना बाहेर पिणं मला पटत नाही, त्यामुळं मी तिथं कधी बसलो नव्हतो. बशीरभाईंनी हाक मारली. "आइए किसनराव. डॉक्टर साहब के बाद ये बेंच सूनी हो गई."

मी म्हटलं, "डॉक्टर साहब यहाँ कब आते थे?"

"लो. रोज़ चार बजे. पाँच बरस."

"वो तो गंज जाते थे."

"गंज? अरे, इतने में तो आदमी ऑटो भी न पाए. यहीं बैठते थे, एक चाय में पूरा घंटा. जून में मैं कहता, साहब, लू लग जाएगी, घर जाइए. कहते, अभी नहीं बशीर मियाँ. घर में बाप-बेटी बात कर रहे हैं."

मी बेंचवर बसलो. चहा घेतला. कसा होता सांगता येणार नाही.

घरी आलो तर सुहास बॅग भरत होता. मी म्हटलं, "मामांची पत्रं गेली का त्या मशीनबरोबर?"

"नाही काका, पत्रं तिकडं सर्व्हरवर असतात. माझ्या लॅपटॉपवर उघडली आहेत, लोकांना कळवायचं होतं म्हणून. पण फोल्डरची नावं अशी काहीतरी दिसतायत बघा. कशात काय आहे, काही कळत नाही."

मी वाकून पाहिलं. तोच भुसा. इंग्रजी अक्षर मला वाचता येत नाही, पण या भुश्यापुढं मी वर्षभर तरी बसलो होतो.

"खालून तिसरं उघड."

त्यानं मोजलं, उघडलं आणि माझ्याकडं पाहत राहिला. "सुमनताईची पत्रं आहेत. चव्वेचाळीस. एक सोडून प्रत्येकाखाली मामांचं उत्तर. आणि उत्तर देऊन पत्र पुन्हा न वाचलेलं करून ठेवलंय."

मी खिशातून चष्मा काढला. खिशातच होता. साहेबांची उत्तरं एकेक ओळीची होती.

आज तासभर बसले होते.

आजही बसले होते. ऊन फार आहे.

मशीननं नावं खाल्ली आहेत, तरी बसले होते.

वाचलं का ते मला विचारू नको. बसले होते, एवढं खरं.

साहेबांनी डब्यावर एक आणि आत एक असं कधी केलं नाही. तिला खोटा दिलासाही दिला नाही.

सगळ्यात वरच्या पत्राखाली उत्तर नव्हतं. सुमननं लिहिलं होतं, "बाबा, डॉक्टर काकांचं उत्तर महिनाभर आलं नाही. मन घाबरतंय. तुम्ही दोघं ठीक आहात ना? नुसतं हाँ लिहिलंत तरी चालेल."

तिला कुणी कळवलं नव्हतं. कळवायला मीच होतो.

सुहास हळूच म्हणाला, "काका, तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

"मला लिहिता येतं," मी म्हटलं. "अक्षर शोधायला वेळ लागतो, एवढंच. तू असं कर, मराठी अक्षरं तेवढी पडद्यावर लावून दे, आणि कोपऱ्यावर जाऊन बशीरभाईंकडं चहा घे. तासभर तरी बस."

त्यानं अक्षरं लावून दिली आणि तो चपला घालायला लागला. दारात थांबून म्हणाला, "लॅपटॉप असाच चालू ठेवू?"

"राहू दे," मी म्हटलं. "मी आहे राखणीला."