टेकडीची नऊ ते पाच ड्युटी

आमच्या दारव्हा तालुक्यात टेकडीची नाडी ओळखणारा माणूस एकच. मी, नंदकिशोर सर्व्हेअर!

मागच्या पावसाळ्यात गावाबाहेरच्या टेकडीला लांबलचक भेग पडली. खाली बंजाऱ्यांचा तांडा. टेकडी सरकते, पण इतकी हळू की डोळ्यांना कळत नाही. म्हणून ऑफिसने मला दोन जीपीएस यंत्रं दिली. एक टेकडीवर, दुसरं अजिबात न हलणाऱ्या जागी. दुसऱ्यापासून पहिलं किती सरकलं, ते उपग्रहांच्या मदतीने मोजायचं आणि आकडा थेट माझ्या मोबाइलवर!

न हलणाऱ्या जागेसाठी मोठे साहेब म्हणाले, "सिमेंटचा खांब बांधून घ्या." आता ऑफिसात सगळ्यात न हलणारी गोष्ट म्हणजे फाइल, आणि खांबाचीही फाइलच! मी सरळ यंत्र तिवईसकट स्वतःच्या गच्चीवर ठेवलं.

"हे काय आणून ठेवलं?" बायकोनं, म्हणजे शुभदानं विचारलं.

"ते उपग्रहांशी बोलतं. तुला नाही कळायचं!"

दोन महिने टेकडी गुपचूप. मग एप्रिलात एका सकाळी नवाच्या ठोक्याला मोबाइल बोंबलला. टेकडी चार मीटर सरकली! तीही तांड्याकडे!

त्याच दिवशी तांड्यातल्या देवसिंगभाऊंच्या पोरीचं लग्न होतं, आणि मांडव टेकडीच्या पायथ्याशी! जीप काढली, धूळ उडवत पोहोचलो.

"देवसिंगभाऊ, मांडव हलवा! टेकडी येऊन राह्यली!"

देवसिंगभाऊंनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. "साहेब, टेकडी तं जागच्या जागी हाय."

"डोळ्यांना नाही दिसत, उपग्रहाला दिसते!"

"आन् चूल पेटली, वऱ्हाड निघालं, त्याचं काय? काहून आजच सरकली हे?"

"पोरीच्या जिवापेक्षा चूल मोठी आहे का?"

यावर बिचाऱ्यांनी स्वतःच मांडवाची पहिली दोरी सोडली. मग काय विचारता! मांडव उतरला, भाताची पातेली बांबूला लटकली, हळद लागलेली नवरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसली. एक किलोमीटरवरच्या शाळेच्या मैदानात अख्खं लग्न गेलं. वरणाच्या पातेल्याचा एक कान मी धरला होता. अर्धं वरण माझ्या पँटवर सांडलं, पण जीव वाचवल्याचं समाधान केवढं! लोक माझ्याकडे आदराने पाहत होते.

पाच वाजता लग्न लागलं. मी पंगतीत पहिला घास घेतला आणि मोबाइल पुन्हा बोंबलला. टेकडी चार मीटर मागे गेली! होती तिथं!

देवसिंगभाऊंनी माझ्या खांद्यावरून आकडा वाचला. "सकाळी नवाले गेली, पाचाले वापस आली. साहेब, टेकडी सरकारी नोकरीत लागली काय?"

पंगत फसकन हसली. मला एकदम गच्चीवरचं दुसरं यंत्र आठवलं. घरी फोन लावला.

"शुभदा, गच्चीवर काय करून राह्यली?"

"कुरडया उचलून राह्यली. सकाळीच टाकल्या होत्या. तुमची ती तिवई ऐन उन्हाची जागा अडवून उभी, म्हणून कोपऱ्यात सरकवली. आता ठेवली पुन्हा जाग्यावर. अगदी फरशीवरची खूण पाहून ठेवली हो!"

मी फोन ठेवला आणि देवसिंगभाऊंना कुरडयांचं सांगून टाकलं. खरी भीती मग वाटली. "पावसाळ्यात टेकडी खरंच सरकली तर माझं कोण ऐकणार?"

"आमी ऐकू ना!" देवसिंगभाऊ ताटात बुंदी वाढत म्हणाले. "पन आधी वहिनीचा नंबर द्या. कुरडया नसल्या तं निघू."

मी मुकाट्याने नंबर दिला. रिपोर्टमध्ये 'हालचालीचे कारण' या रकान्यात 'कुरडया' लिहिलं. त्याबरोबर खांबाची फाइल आठ दिवसांत मंजूर झाली!

आता गच्चीत मधोमध सिमेंटचा पक्का खांब आहे, त्यावर यंत्र. शुभदाने तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि खूश झाली. म्हणाली, कपड्यांची दोरी बांधायला मजबूत आहे. तेव्हापासून टेकडी तसूभर हललेली नाही. फक्त सोमवारी ओल्या चादरी यंत्रावर पडल्या की त्याला उपग्रह दिसत नाहीत, आणि टेकडी दुपारपर्यंत मोबाइलवरून गायब होते!