मोर्वेक कुणापायी बिघडला याची होटगी-मंद्रूप कैफियत

मंडळी, जरा सरकून बसा, आणि ज्याच्या हातात मोबाईल आसंल त्यानं तो मांडीखाली घाला. आज तुमास्नी अशा मोहिमेची हकीकत ऐकवतो की जिच्यात तलवार निघाली न्हाय, घोडं खिंकाळलं न्हाय, पर दोन घराणी समोरासमोर ठाकली, पडायच्या अक्षता वाटंत अडकल्या, आणि हे समदं एका राजापायी जाहलं, जो राजा आईच्या पोटी कदी आलाच न्हाई. सिद्धरामेश्वराला हात जोडतो आणि घडलं तसं सांगतो. कुटं मीठ जास्त पडलं तर गोड मानून घ्या.

तरी मजकूर ऐसा जे, मौजे होटगी, जितं रेल्वेला वाटा फुटत्यात, तितं राजमान्य राजश्री गुरप्पाजी, रेल्वेची चाकरी पुरी करून घरी बसलेले, आणि त्यांच्या सौभाग्यवती गौरम्माबाईसाहेब, ज्यांची हाक फलाट ओलांडून मालगाडीच्या ड्रायव्हरला ऐकू जाती असा लौकिक, ह्यांचे एकुलते चिरंजीव मंजुनाथराव सोलापूर शहरी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवून दौलत राखत होते. आणि मौजे मंद्रूपचे मातबर मल्लप्पाजी, ह्यांची धाकटी कन्या दानेश्वरीबाई, शहरातच एका पतसंस्थेच्या कचेरीत तैनात, कमी बोलणारी, पर बोलली की समोरच्याला पाणी मागायला लावणारी. उभयतांचा साखरपुडा थाटात जाहला, हॉल ठरला, आचारी ठरला, आणि मग रोज सांजच्या पारी उभयता आपापल्या घरून फोनवर 'अंधारगड' नामे खेळात एकाच फौजेत भरती होऊन लढाया मारू लागली, आणि त्या लढायांत एकमेकांचा स्वभाव जितका कळला तितका पोह्यांच्या बशीवर कळला नसता.

आता त्या खेळातला दुष्मन म्हंजे मोर्वेक. आदी सुलक्षणी राजपुत्र, रयतेचा लाडका, आणि पुढं त्याच्या डोळ्यांत काळोख उतरला, अंगातनं धूर निघू लागला, आणि त्यानं आपलीच गावं जाळत नेली. का बिघडला, ते खेळ करणाऱ्यांनी सांगितलं न्हाय. मग काय, जगभरची रिकामी अक्कल तितं जमा जाहली. कोणी म्हणे काळ्या मुकुटानं ग्रासला, कोणी म्हणे वजिरानं कान भरले, कोणी म्हणे गडाखालची जागाच बाधली. ह्या तर्कांना ती पोरं थिअरी म्हणत्यात. आपल्याकडं हेच काम भावकी करती, आणि लई मन लावून करती.

मग मंजुनाथरावांनीही मर्दुमकी करून एक व्हिडिओ काढला आणि मुलखात रवाना केला. त्यातला मजकूर येणेप्रमाणे, की राणी इल्सारा हिनं सोन्याचा पेला हाती दिला, राजा प्याला आणि डोळे काळे जाहले, सबब राजा बायकोपायी बिघडला, दुसरं कारण न्हाई. ह्या व्हिडिओवर लाईकांच्या राशी पडल्या, आणि खाली लोकांनी लिहिलं की अगदी बरोबर, आमच्या शेजारीबी असंच झालंय.

तो व्हिडिओ दानेश्वरीबाईंनी कचेरीत डबा खाता खाता पाहिला आणि डबा अर्ध्यावरच मिटला. कारण ऐसे जे, तिची थोरली बहीण दाक्षायणी अक्कलकोटकडं दिलेली, तिचा नवरा पत्त्यांच्या नादी लागला, आणि सासरची म्हणाली, आमचं पोरगं सोन्यासारखं होतं, ही आली आणि नासलं. ते बोट दाक्षायणीवरनं अजून हललेलं न्हाय. सणाला माहेरी आली तरी ती बहीण भिंतीकडं तोंड करून भाकऱ्या थापती. तेव्हा दानेश्वरीच्या मनात आलं, की ज्या घराचं माप आपण ओलांडणार त्या घराचंबी बोट असंच उगारून तयार हाय की काय. राजा लटका आसंल, बोट तर खरं हाय.

मग तिनं फोन लावला.

"तो व्हिडिओ काढा."

"अगं, खेळ हाय तो."

"खेळ हाय तर काढा की."

"लोकास्नी पटलंय, दाना. बघ की किती जणांनी—"

"लोकास्नी पटतंय, त्याचंच भ्या वाटतंय मला," ऐसे बोलून तिनं फोन ठेवला, आणि फौजेतनं आपलं निशाण काढून घेतलं. मंजुनाथरावांनी मागाहून हसरी तोंडं पाठवली, फुलं पाठवली, आणि जखमेवर मीठ म्हणून मोर्वेकाचं चित्रबी पाठवलं.

दुसऱ्या दिशी सकाळी बाईंनी तीर्थरूपांपुढं फर्मान ठेवलं, की अक्षता तूर्त तहकूब कराव्या. मल्लप्पाजींनी चहाची बशी खाली ठेवली. कारण पुसलं तर म्हणाली, "मोर्वेक कुणापायी बिघडला, ह्यावर आमचं पटत न्हाय, आप्पा. ते म्हणत्यात, बायकोपायी." आणि सोलापूरच्या गाडीची येळ झाली म्हणून पर्स उचलून निघून गेली.

आता घडलं काय, की त्या समयी तितं मल्लप्पाजींचे धाकटे बंधू निंगप्पाकाका हजर होते. हा गडी म्हंजे चौकशीतला सेनापती. मंद्रूपची कोणतीबी सोयरीक ह्यांच्या चौकशीवाचून ठरली न्हाई. पोराचं घर, शेत, उठबस, आजोळ, समदं हे काका चहाच्या टपऱ्यांवरनं गोळा करून आणायचे. त्यांनी मोर्वेक नाव ऐकलं आणि मिशीला हात घातला. त्यांची मसलत ऐसी पडली, की हा मोर्वेक म्हंजे जावयाच्या भावकीतला कोणी बिघडलेला इसम, आणि होटगीकरांनी तो आपल्यापासून दडवला. मल्लप्पाजी म्हणाले, नाव आपल्यातलं वाटत न्हाय. काका म्हणाले, "टोपणनाव आसंल, दादा. बिघडलेल्या माणसाला घरचं नाव कोण ठेवतंय?"

गुरप्पाजींच्या भावकीतली थोरली पाती टेंभुर्णीकडं, इतकं काकांस ठाऊक होतं. मग खाशी स्वारी एसटीत खिडकीची जागा धरून टेंभुर्णीवर चालून गेली, आणि हायवेच्या चौकात ट्रकवाल्यांच्या गर्दीत चहाच्या टपरीवर तळ देऊन पुसती जाहली, की हितं कोणी मोर्वेक म्हणून हाय का, बायकोपायी बिघडलेला. टपरीवाला म्हणाला, "मोर्वेक न्हाय पाव्हणं, पर बिघडलेली हवी तेवढी दावतो. आणि बायकोपायी तर समदीच."

आणि खरंच दावली. एक जण म्हशी विकून मोकळा झालेला, एक जण मोटारसायकल गहाण टाकून तमाशाच्या मागं फिरणारा. काकांनी त्यांतला सगळ्यांत जास्त बिघडलेला निवडला, कारण मोर्वेक तोच असणार. हा इसम ट्रकाचा धंदा बुडवून धाब्यावरच्या बाजेवर पडून होता. चौकात जो तो त्याच्या बायकोला नावं ठेवत होता. मग काका चौकशीच्या शिरस्त्याप्रमाणे त्याच्या दाराशीबी गेले. ती बाई शिलाई मशीनवर बसलेली, दोन पोरी बाजूला अभ्यास करीत. तिनं पाव्हणा कोण ते न पुसता चहा केला. काका चहा प्याले आणि निघताना त्या चालत्या मशीनकडं वळून बघत बाहेर पडले.

मग आयतवारी होटगीवर बैठक भरली. मंद्रूपकडनं मल्लप्पाजी, निंगप्पाकाका, आणि कदी न घडलेलं घडलं, खुद्द नवरी दानेश्वरीबाई. बैठकीत नवरीनं बसायचा रिवाज न्हाय, पर ती बोलली की भांडण माझं हाय तर वकील कशाला. होटगीकरांनी सतरंजी अंथरली, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा सरंजाम मांडला, आणि पलीकडं गुरप्पाजी तंबाखू-सुपारीचा मावा दाढंला धरून, गौरम्माबाईसाहेब पदर खोचून, आणि मंजुनाथराव दाढी करून, पर तोंडावर कळा न्हाय, ऐसे मोर्चा धरून बसले.

मल्लप्पाजींनी तोफ डागली, की व्याहीबुवा, तुमच्या टेंभुर्णीच्या मोर्वेकाची गोष्ट तुमी आमच्यापासून लपवली, ही रीत न्हवं. गुरप्पाजींच्या तोंडात मावा, त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. गौरम्माबाई म्हणाल्या, "कुटला मोर्वेक?" मग काकांनी उभं राहून ट्रक, धाबा, बाज, ऐसी साद्यंत हकीकत कथन केली. मंजुनाथरावांना आदी घाम फुटला, मग हसू फुटलं, मग दानेश्वरीबाईंकडं नजर गेली आणि हसू जागच्या जागी मेलं. त्यांनी खिशातनं फोन काढून मोर्वेक पुढं केला. काळा धूर सोडणारा, शिंगाच्या टोपातला.

काका फोन नाकाशी धरून म्हणाले, "मग मी टेंभुर्णीत कुणाच्या घरचा चहा पिऊन आलो?"

सतरंजीवर हशा पिकला. मल्लप्पाजी हसत उठायला लागले, की मग काय, खेळातलं भांडण, पोरं हायती, तारीख धरा. पर दानेश्वरी हसली न्हाई. ती म्हणाली, "आप्पा, बसा. मोर्वेक खोटा हाय, पर ह्या घरात त्याचा निवाडा काय लागतो, ते मला ऐकायचंय." तेव्हा मल्लप्पाजींना थोरली लेक आठवली आणि ते खाली बसले.

मग गौरम्माबाईसाहेबांचा हुकूम सुटला, की त्या राजाला टीव्हीवर घाला. मंजुनाथरावांनी वायर जोडली, आणि मोर्वेक थाटात भिंतीवर प्रगट जाहला. राणीनं पेला दिला, तो प्याला, डोळे काळे झाले. गौरम्माबाई लगोलग बोलल्या, "हौदु, व्हय, बायकोच की. दिसतंय न्हवं डोळ्यांनी."

झालं. मंजुनाथरावांची सरशी जाहली, पर ती जीत त्यांच्या तोंडावर कडू लिंबासारखी दिसत होती. दानेश्वरीला वाटलं, मिळालं उत्तर, आता उठावं. तिनं पर्सला हात घातलासुदिक. मग तसाच हात ठेवून होणाऱ्या सासूबाईंस म्हणाली, "आत्या, सून म्हणून माझी चौकशी तुमी कुटनं केली?"

"शाळेपासनं. तुझ्या बाईंनाबी भेटून आले हुते मी."

"मग ह्याची चौकशी लग्नापासनंच का? त्याच्या आदीचं कोण बघणार?"

काकांचा हात मिशीवर गेला. चौकशीतली एवढी मोठी चूक आजवर त्यांच्या नजरंतनं सुटली नव्हती. त्यांनी फर्मावलं, की पोरगी वाजवी बोलती, आरंभापासनं लावा. मंजुनाथराव चाचरत म्हणाले, की आरंभीचा भाग लई लांब, तो कोणीच बघत न्हाय, समदी पुढं ढकलत्यात. "ढकलू नका," दानेश्वरी म्हणाली.

मग आरंभ लागला. मोर्वेक तेव्हा कोवळा राजपुत्र, मिशीबी फुटलेली न्हाय, राणीचा पत्ता न्हाय. गडावर मेजवानी चालू, आणि खाली नदीला पूर, आणि माणसं पोरंबाळं काखेला मारून दरवाजा ठोठावत होती. किल्लेदार विचारायला आला. राजपुत्रानं ताटावरनं मान वर केली न्हाय. म्हणाला, भायरची भायर राहू देत, दार उघडलं की वारं येतंय. आणि खाऊ लागला.

मंजुनाथराव टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि हळूच आईला म्हणाले, "अव्वा, डोळं बघ त्याचं."

डोळे काळे होते. पेल्याच्या आदी, मुकुटाच्या आदी, लग्नाच्या कितीतरी आदी.

काका आपणहून बोलले, "टेंभुर्णीचाबी असाच निघंल. त्या बाईच्या घरात मी बघितलं की, मशीन चालवून पोरी शिकवती ती." एवढंच बोलले आणि दह्याची वाटी तोंडाला लावली.

मग जे जाहले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. गौरम्माबाईसाहेब टीव्हीकडनं वळल्या आणि त्यांनी आपली तोफ गुरप्पाजींकडं फिरवली.

"अवो. मावा कदीपासनं खाताय तुमी?"

गुरप्पाजी उठले, मोरीत जाऊन चूळ भरून आले, आणि सुळावर जाणाऱ्याच्या चालीनं परत येऊन बसले. "आठवीत असल्यापासनं."

"आणि तुमच्या अव्वानं तो कुणाच्या नावावर घातला?"

"तुज्या."

"शेवटपातूर. ही आली आणि माझा गुरप्पा मावा शिकला म्हणून. आणि तुमी काय बोलला?"

गुरप्पाजी म्हणाले, "बोलता आलं न्हाय. तोंडात मावा हुता."

हसता हसता मल्लप्पाजींना ठसका लागला, काकांनी मांडीवर थाप मारली, आणि गौरम्माबाईही हसल्या, पर पदर डोळ्याला लावून हसल्या. ते दानेश्वरीनं पाहिलं, आणि तिचा पर्सवरचा हात सैल पडला.

तेव्हा मंजुनाथरावांनी भर बैठकीत फोन हाती घेऊन तो नामांकित व्हिडिओ त्याच्या समद्या लाईकांसकट जमीनदोस्त केला. मग दानेश्वरीपुढं बसून म्हणाले, "चुकलं माझं, दाना. उद्या मी बिघडलो तर माझा मी बिघडंन."

"आणि लोक माझं नाव घ्याय लागले तर? मामंजींसारखं गप बसणार?"

"न्हाय. तोंडात काय बी आसंल तर थुंकून बोलंन."

मग गौरम्माबाईसाहेबांनी तह जाहीर केला, की आजपासून ह्या घरात जो बिघडंल तो आपल्या नावानं बिघडंल, सुनेच्या नावावर घातलेलं चालणार न्हाय, आणि कोणी सुधारला तर ती आईची करामत मानावी. ह्यावर दानेश्वरीबाईंनी शेवटची चढाई केली, की सुधारला तर दोघींची. गौरम्माबाईंनी तिला डोक्यापासनं पायापातूर न्याहाळलं, आणि तिच्या पानात दही वाढलं. रुकार समजावा.

येणेप्रमाणे होटगीची मोहीम फत्ते होऊन दानेश्वरीबाईंचे निशाण चढले, आणि अक्षता ठरल्या तिथीस त्याच हॉलात पडल्या. दाक्षायणीबाई नवरीच्या पाठीशी सरळ मानेनं उभ्या होत्या, आणि दाक्षायणीच्या सासरच्या एका बाईनं पंगतीत तोंड उघडलं तेव्हा गौरम्माबाईसाहेबांनी जिलबीचं ताट घेऊन तिकडं स्वारी वळवली. तितं काय बोलल्या ते ऐकू आलं न्हाय, पर ते तोंड पुन्हा निव्वळ जेवायलाच उघडलं. हे समद्या मांडवानं पाहिलेलं हाय.

आता तुमी एवढं ऐकलंत तर एक अर्जी हाय. गौरम्माबाईसाहेब हल्ली दुपारी जेवण उरकलं की सुनेच्या फोनवर अंधारगडावर चालून जात्यात, आणि त्या अजून मोर्वेकाच्या तिसऱ्याच बुरुजाला भिडल्यात. तुमच्यातल्या ज्यांनी खेळ पुरा केला आसंल आणि मोर्वेकाचं शेवटी काय होतं ते ज्यांना ठाऊक आसंल, त्यांनी होटगीवरनं जाताना मेहेरबानी करून तोंड मिटून जावं.