आपली कंपनी

हरेश्वरकाका फोनवर बोलायला लागले की आमच्या बिल्डिंगमधले टीव्ही बंद होतात. टीव्हीत एवढी मजा नसते. काका खाली पंपरूमशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर चढतात, एका हाताने पाण्याचा पाइप धरतात, मान तिरकी करतात आणि ओरडतात, "हां, बोल! आता हाय!" जेसल पार्कातल्या आमच्या आख्ख्या कंपाउंडात काकांच्या फोनला रेंज मिळते ती तेवढ्याच वीतभर जागेत. त्यामुळे डॉक्टरने काकांना काय खायला बंद केलंय आणि काका ते कुठे जाऊन खातात, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. माझी कंपनी वेगळी, घरभर फुल रेंज. काकींचीही वेगळी, त्या बोंबील तळता तळता अर्ध्या नात्याशी गप्पा मारतात. आणि त्याच स्वयंपाकघरात काकांचा फोन मुका. काकी म्हणतात, "यांना माझं कधी ऐकू आलंय? फोनचं काय घेऊन बसलीस!"

तिसऱ्या मजल्यावरचे मेहताभाई भला माणूस. भेटले की सांगायचे, "काका, पोर्ट करा लो ना. नंबर तो वही रहेगा."

काका स्टुलावरूनच म्हणायचे, "रेंज नहीं आता इसलिए कंपनी बदलेगा? कल मेरेको सुनाई नहीं दिया, तो काकी दूसरा करेगी क्या?"

हँडसेटचंही तेच. ज्या कंपनीचा फोन ते वापरतात, तिने इथली दुकानं कधीच आवरली. काका तसलेच जुने फोन कुठून कुठून शोधून आणतात आणि एकाचे अवयव दुसऱ्याला लावतात. मुलाने पुण्याहून नवाकोरा महागडा फोन पाठवला, तो काकींनी फ्रिजला टेकवून ठेवलाय, त्यावर त्या रेसिपी बघतात. माझा फोन एकदा हातात घेऊन काका म्हणाले, "बाय, हा फोन न्हाय, आरसा हाय. भांग पाडायला बरा." आणि रेंज न देणारी ती सिमकार्डाची कंपनी बोलण्यात मात्र सतत 'आपली कंपनी'. आपल्या कंपनीचं काम चालू असेल. आपल्या कंपनीवर लोड आला असेल.

एकदा मला कुरियरवाल्याशी बोलायचं होतं आणि खालून काकांचा आरडाओरडा. माझं डोकं फिरलं. खिडकीतून म्हटलं, "अहो काका, ही कंपनी काय तुमच्या घरची आहे?"

काका झटकन स्टुलावरून उतरले आणि वर निघून गेले. मला कसंतरीच झालं. संध्याकाळी काकी कोलंबी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घरचीच हाय गं ती."

काका मूळचे राई गावातले आगरी. मिठागरं होती, भातशेती होती, थोरला भाऊ आणि हे एकाच घरात. पहिला मोबाइल दोघांनी जोडीने, सारखाच घेतलेला. मग थोरल्याने घराच्या गच्चीवर मोबाइल कंपनीला टॉवर बसवू दिला. काका म्हणाले, डोक्यावर ते लोखंड नको. थोरला म्हणाला, बसणारच. शब्दाला शब्द वाढला, काका बिऱ्हाड घेऊन इथे आले. तेव्हापासून बोलणं बंद.

"आनि इथं आल्या आल्या पयलं काय केलं? त्याच टॉवरचं कार्ड घेतलं," काकी म्हणाल्या. "म्हनतात, दादूसनं हाक मारली तर आपल्याच घरावरून येल. मधी कोन परका नको."

मला हसू फुटलं. राईतला टॉवर जेसल पार्कात पुरतो होय! मी काकांना दुसऱ्या दिवशी समजावूनही पाहिलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "सिग्नल इचारत इचारत येतो, बाय."

यंदा थोरल्याच्या मुलीचं, दीपालीचं लग्न ठरलं. त्यांच्या घरात रीत अशी की लग्नाचं पहिलं आवतन चुलत्याला, आणि तेही भावाने स्वतःच्या तोंडाने द्यायचं. जाऊबाईंनी काकींना फोन करून कळवलं, "भावजींना हे स्वतः फोन करणार आहेत." काका असे खुलले म्हणता! नवा कुडता शिवला. जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले, "दादूसचा फोन येनार हाय."

आणि त्या दिवसापासून त्यांनी स्टुलावर जाणंच सोडलं.

"अहो, खाली जाऊन उभे राहा! घरात तुम्हाला रेंज कुठे आहे?" मी ओरडले.

"दादूसशी पाइपाला लटकून बोलू? थोरला हाय तो माझा. घरात बसून, नीट बोलेन. आपलाच टॉवर हाय, आनील बरोबर."

फोन देव्हाऱ्यापाशी ठेवून काका समोर खुर्चीत बसून राहायचे. आम्ही सगळ्यांनी डोकं आपटून घेतलं. काकींना जावेला फोन करून रेंजचं सांगूही दिलं नाही, म्हणाले, "दोघा भावांच्या मधी कोन नको." काकी म्हणाल्या, चला, आपणच जाऊ, उत्तनची बस धरली की राई कितीशी लांब? काका म्हणाले, "बोलावल्याबिगर? तो रीत मोडनार न्हाय." हळदीच्या दिवशी सकाळीच नवा कुडता घालून बसले. कंपाउंडात स्टूल रिकामं होतं. मेहताभाई त्या दिवशी पोर्टचं काही बोलले नाहीत, चहाचा थर्मास घेऊन वर आले आणि काकांजवळ बसून राहिले. संध्याकाळी काकांनी कुडता काढून त्याची घडी घातली. काकीही गेल्या नाहीत.

लग्नानंतर दीपाली पाया पडायला आली. मी तिथेच होते. वाकली ती तशीच रडायला लागली. "इतका राग, काका? बाबा किती फोन लावत होते! शेवटी म्हणाले, माझ्याच डोक्यावरच्या टॉवरचा फोन, न लागून जाईल कुठे? मुद्दाम बंद ठेवलाय त्याने. आता त्याला कोणी विचारायचं नाही. आईलाही काकींना फोन करू दिला नाही."

दोघेही एकाच आईचे, दुसरं काय! माझ्या मनात आलं, जाऊन तो टॉवर हलवावा गदागदा. काकी पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या.

 काका मला म्हणाले, "बाय, तुझ्या आरशावरून मना फोन लाव."

मी त्यांचा नंबर लावला आणि माझा फोन त्यांच्या हातात दिला. आतली बाई सांगू लागली, आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता, ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. काकांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"येवढं ऐकून बी दादूस परत परत लावत व्हता?"

"हळद लागेपर्यंत, काका," दीपाली म्हणाली. "बायका वाट्या घेऊन खोळंबल्या होत्या, तरी बाबा म्हणत होते, थांबा गं, अजून एकदाच लावून बघतो."